पाच थरांची भिंत

लग्नानंतरची पहिली अडीच वर्षे माझी बायको फक्त माहेरी श्वास घेत असे.

हे वाक्य अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून सांगतो की ते तपासलेले आहे. कुसुमचे माहेर नेर आणि सासर पुसद. नेरला गेली की चौथ्या दिवशी तिचा खोकला थांबे आणि आठव्या दिवशी ती विहिरीचे पाणी शेंदू लागे. पुसदला परतली की पाचव्या दिवशी तिला घरातल्या घरात धाप लागे. (घर एकमजली होते. चढायला उंबरठ्यापलीकडे काही नव्हते.) अडीच वर्षांत हे पाच वेळा घडले. दुसऱ्या कोणाच्या घरी घडले असते, तर दुसऱ्याच वेळी मी त्याची बातमी केली असती.

बातम्या करणे हे माझे काम होते. नागपूरच्या एका दैनिकात मी तीन वर्षे उपसंपादकाच्या टेबलावर काढली आणि वडील गेल्यावर पुसदला परत आलो. सकाळी एका वकिलांकडे कारकुनी, दुपारनंतर त्याच दैनिकाचा वार्ताहर. नागपूरला मुख्य उपसंपादकांनी मला एकच गोष्ट घोटून शिकवली होती. दुसऱ्या बाजूला विचारल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही. हा नियम मी नगरपालिकेला लावला, कापसाच्या बाजाराला लावला, पूस नदीच्या पुरालाही लावला (नदी बोलत नाही, पण मी काठापर्यंत जाऊन आलो). आपल्या घरालाही तो लागतो, हे मला कोणी सांगितले नव्हते.

घरात माणसे तीन. आई, कुसुम आणि मी. खोल्याही तीन. ओसरी, स्वयंपाकघर आणि मधली खोली. मधल्या खोलीत आई आणि कुसुम झोपत, मी ओसरीत. त्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांची न्हाणी होती. शेजाऱ्यांकडे नऊ माणसे होती आणि नऊही जणांना आंघोळीची फार आवड होती.

लग्न झाले त्या वर्षीच्या आषाढात कुसुम मला म्हणाली, "अजी, त्या भिंतीचा वास येऊन राह्यला."

"पावसाळ्यात भिंती ओलावतातच."

"ओली नाही, काळी पडून राह्यली. हात लावला का बोटाले लागते."

"मग हात लावू नको."

आई तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मी चाळीस वर्षं ह्या घरात काढली. मले नाही कधी वास आला. नेरच्या भिंतींले काय अत्तर लावते?"

मी हसलो. दुसरी बाजू तिथल्या तिथे ऐकून घेतल्याचे समाधान मला झाले होते.

खोकला त्याच महिन्यात सुरू झाला. आधी कोरडा, सकाळचा. मग छातीत शीळ वाजल्यासारखा आवाज येऊ लागला. आईने निदान केले की नेरच्या पाण्यावर वाढलेल्या मुलीला पुसदचे पाणी सोसत नाही, आणि पाणी उकळायला घेतले. खोकला तसाच. श्रावणात कुसुम राखीला माहेरी गेली आणि पंधरा दिवसांनी गालावर रंग घेऊन परत आली. तिच्या भावाने बजावून सांगितले की तिकडे चौथ्या दिवसानंतर ती एकदाही खोकली नाही. हे सांगण्यात त्याचा हेतू चांगला होता, परिणाम वाईट झाला.

"तिकडे खोकत नाही, इकडे खोकते," आई म्हणाली. "भांडे घासायची वेळ झाली का खोकते. बाप्पा, ह्या खोकल्याले घड्याळ समजते."

हे वाक्य आळीत फार गाजले. कुसुम खोकली की समोरच्या ओट्यावरून कोणीतरी विचारे, "काय जी, किती वाजले?" आणि ओटाभर हसू फुटे. कुसुम खोकला दाबू लागली. दाबलेला खोकला शेवटी एकदम बाहेर पडे, तेव्हा तिच्या मानेच्या शिरा टरारून उठत. मला ते दिसत होते. पण आईचे वाक्य चटकदार होते, आणि चटकदार वाक्य खरेच असणार असे मानण्याची खोड वर्तमानपत्रात लागते.

तरीही मी हातावर हात ठेवून बसलो नाही. तसा बसलो असतो तर कमी नुकसान झाले असते.

पोळा झाल्यावर मी भिंतीचा बंदोबस्त करायला घेतला. काळे डाग दिसतात म्हणून कुसुमचे लक्ष तिकडे जाते, आणि लक्ष जाते म्हणून वास येतो, असा माझा तर्क होता. डाग झाकले की प्रश्न मिटला. घरात वर्तमानपत्रांची कमतरता नव्हती. ज्या दिवसापासून माझ्या बातम्या छापून येऊ लागल्या, त्या दिवसापासूनचा प्रत्येक अंक मी जपून ठेवला होता. दुबार अंक होते, ते भिंतीला लावायचे ठरवले.

चिकटवायची खळ कशी करायची, ते छापखान्यातल्या किसनरावांना विचारले. किसनराव वह्यांची बांधणी करत.

"मैदा पाण्यात कालवायचा, मंद आचेवर घोटायचा," ते म्हणाले. "उतरवायच्या आधी चिमूटभर मोरचूद टाकायचं. निळे खडे असतात ते. इसरू नका."

"मोरचूद विषारी असतं ना?"

"व्हय. म्हणूनच टाकायचं."

मी घरी आलो आणि विचार केला. घरात आजारी माणूस, आणि भिंतीला विष? मी मोरचूद वगळले. मैदा मात्र हात आखडता न घेता वापरला. त्या दिवशी मला आपण फार काळजी घेणारा नवरा आहोत असे वाटल्याचे पक्के आठवते.

भिंत छान दिसू लागली. दिवाळीपर्यंत कागदांतून काळे ठिपके वर आले, तेव्हा मी दुसरा थर दिला. होळीला तिसरा. प्रत्येक थराला ताजी खळ. पलीकडून नऊ जणांचे आंघोळीचे पाणी आणि अलीकडून माझा मैदा, असा त्या भिंतीचा दोन्ही बाजूंनी पाहुणचार चालला होता.

दुसऱ्या पावसाळ्यात कुसुमची पाठ खोकून वाकली. ती चौदा पौंडांनी उतरली. आता कोणी वेळ विचारीना. आळीत एक वेगळाच शब्द हळू आवाजात फिरू लागला, क्षय. त्या काळी हा शब्द घरात आला की पाहुणे यायचे थांबत. आईने कान तुटलेला एक कप वेगळा काढला आणि कुसुमचा चहा त्यात ओतू लागली. कुसुमने पहिल्या दिवशी त्या कपाकडे पाहिले, चहा घेतला आणि कप स्वतःच धुऊन वेगळा पालथा घातला. त्यानंतर तो रोज तिथेच पालथा दिसे.

मी तिला यवतमाळला नेले. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. दोन्हींत क्षय नाही असे निघाले. मला आनंद झाला. कुसुमला झाला नाही.

"क्षय असता तर लोक म्हणाले असते बिमार आहे," परतीच्या मोटारीत ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली. "आता म्हणतील, पाहा, काहीच नाही निघालं."

तसेच म्हणाले. तरी आईने कप बदलला नाही. नाटक असो की क्षय, कप वेगळा बरा, असे तिचे मत.

पुसदच्या डॉक्टरांनी दम्याची लक्षणे सांगितली आणि विश्रांती घ्यायला सांगितले. विश्रांतीची व्यवस्था आम्ही मनापासून केली. कुसुमची खाट आई मधल्या खोलीत दिवसभर घातलेली ठेवू लागली. वारा लागू नये म्हणून तिने एकुलती एक खिडकी बंद करून फटीत चिंध्या कोंबल्या. खाट खिडकीपासून दूर, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवली. त्याच सुमाराला ओसरीचे छप्पर गळू लागले, तेव्हा माझ्या जपलेल्या अंकांचे गठ्ठे मी कुसुमच्या खाटेखाली सरकवले. ते आधीच थोडे भिजले होते. भिंतीला चौथा थर दिला. आजारी माणसाला स्वच्छ भिंत दिसावी.

कुसुम म्हणाली, "ह्या खोलीत मले कोंडल्यासारखं होते. ओसरीत टाका ना खाट."

"ओसरीत गार वारा लागेल," मी म्हणालो.

"मले वाराच पाहिजे."

"आजाऱ्याला काय कळते," आई म्हणाली. प्रश्न निकालात निघाला.

कार्तिकात कापसाचा हंगाम सुरू झाला. कापसातून सरकी काढणारी गावाबाहेरची जिनिंग धडधडू लागली, हवेत कापसाचे तंतू तरंगताना दिसू लागले, आणि मला एकाएकी सगळे स्पष्ट झाले. कुसुमच्या खोकल्याला जिन कारणीभूत होते. मी त्याच संध्याकाळी बातमी लिहिली. 'जिनिंगच्या धुळीने नागरिकांचा श्वास कोंडला.' बातमी नेमकी असावी म्हणून त्यात लिहिले की, एका प्रतिष्ठित कुटुंबातील गृहिणी गेल्या वर्षीच्या आषाढापासून या धुळीमुळे अंथरुणास खिळली आहे. नागपूरने ती दोन कॉलमी मथळ्याखाली छापली. मी ती कापली आणि खळ करून भिंतीवर कुसुमच्या उशाशी चिकटवली. तिला धीर यावा. हा पाचवा थर.

चार दिवसांनी जिनिंगचे व्यवस्थापक आमच्या ओसरीत आले. शांत गृहस्थ होते. अंक घडी करून सोबत आणला होता.

"हे 'आषाढ' छापखान्याची चूक आहे का?"

"नाही. तारीखवार माहिती घेऊनच लिहितो मी."

"मग असं पाहा," ते म्हणाले. "आषाढात आमचं जिन बंद असते. कापूस तेव्हा शेतात बोटभर असते. धूळ कशाची उडून राह्यली होती?"

आतून कुसुमच्या खोकल्याचा आवाज आला. व्यवस्थापकांनी तिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

"आमच्या जिनात बाया काम करतात. खोकतात त्या, मी नाही म्हणत नाही. पण त्यांले तुम्ही कधी विचारलं नाही. आणि तुमचं घर जिनापासून दीड मैल."

(त्या बायांच्या खोकल्याची बातमी मी पुढेही केली नाही. ती खरी होती, आणि ती करायला मला जिनात जाऊन उभे राहावे लागले असते.)

मी खुलासा छापतो असे कबूल केले आणि ते लांबणीवर टाकत राहिलो. खुलाशात खोकल्याचे खरे कारण द्यावे लागेल आणि ते माझ्याकडे नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या उन्हाळ्यात महाराष्ट्र राज्य झाले. गावात पताका लागल्या, मी सभांची वार्तापत्रे लिहिली. कुसुम दोन महिने नेरला राहून अंगाने भरून परत आली. भाद्रपदात एका दुपारी मी वकिलांकडे असताना आईने शेजारच्या माणसाला पाठवून मला बोलावून घेतले. मी पोचलो तेव्हा कुसुम खाटेवर बसलेली होती, दोन्ही हात काठावर रोवून. खांदे वर ओढले जात होते, पण हवा आत जात नव्हती. ओठ जांभळे झाले होते. ती माझ्याकडे पाहत होती आणि बोलण्याइतका श्वास तिच्यात नव्हता. डॉक्टर आले, सुई दिली. अर्धा तास आम्ही तिघे तिच्या छातीकडे पाहत उभे होतो. मग ओठांचा रंग हळूहळू बदलला.

जाताना डॉक्टर मला म्हणाले, "वार्ताहरसाहेब, पुढच्या वेळी मी वेळेवर पोचेन अशी हमी देत नाही."

आईने त्या दिवशी चहा केला आणि तो कान तुटलेल्या कपात ओतला नाही. स्वतःच्या पितळी पेल्यात ओतून कुसुमच्या हातात दिला. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तिसऱ्या दिवशी फुलसिंगदादा ज्वारीचे पोते घेऊन आला. तो बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा शेतकरी, साठीचा. त्याच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवरून धान्य वाहिले होते. तो शेती करी. वर्षाची ज्वारी आम्ही त्याच्याकडूनच घेत असू. आमच्या घरात ती ठेवायला जागा नव्हती (जागा अंकांनी घेतली होती), म्हणून तो आपल्या पेवातून, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यातून, काढून दोन-दोन महिन्यांनी पोते आणून देई. एरवी पोते ओसरीत उतरवून तो परत जाई. ओसरी गळत असल्याने त्या दिवशी मी त्याला मधल्या खोलीत ठेव म्हणालो.

तो पोते पाठीवर घेऊन दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"भाऊ, हितं पेव हाय काय?"

"घरात पेव कुठून येणार?"

"मंग हा वास काहून येऊन राह्यला?" त्याने पोते मागे नेऊन अंगणात उतरवले. "म्या माहं धान हितं ठेवत नाही."

मला थोडा राग आला. "कसला वास?"

"पाणी शिरलेल्या पेवाचा. खालची ज्वारी काळी होते, तिले लव येते. असं पेव उघडलं का आम्ही दिवसभर कोणाले उतरू देत नाही. जो उतरते तो आठ दिवस खोकते. माही याडी," त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई, "वल्लं पोतं घराच्या भायेर ठेवायले लावे. म्हणे, ते छातीत जाऊन बसते." त्याने खाटेकडे पाहिले. "हितं कोण निजते?"

खाटेवर कुसुम बसलेली होती.

"बाई, तुम्ही आधी भायेर या," तो म्हणाला. ती ओसरीत जाईपर्यंत तो थांबला. मग पटक्याचा शेव नाकावर धरून आत गेला, भिंतीच्या कोपऱ्याला नख लावले आणि ओढले.

पाचही थर एकदम सुटून आले. भाकरीचा पापुद्रा निघावा तसे. मागे भिंत दिसलीच नाही. काळे, हिरवे, कुठे कापसासारखे पांढरे असे काहीतरी बोटाच्या पेराइतके जाड वाढले होते. मधूनच त्यावर माझ्या बातम्यांचे मथळे उलटे उमटले होते. धुरासारखी भुकटी उठली. मी खाटेखालचा एक गठ्ठा ओढला. वरचा अंक उचलला तर त्याखालचे दहा अंक एकमेकांना धरून वर आले, लव लागलेले.

"अजून कोण खोकते घरात?" फुलसिंगदादाने विचारले.

"कोणी नाही," मी म्हणालो.

"मी," आई म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे पाहू लागलो. ती पदराशी चाळा करत होती.

"दीड वर्ष झालं. स्वयंपाकघरात जाऊन खोकतो मी. पदर तोंडात घालून." मग कुसुमकडे न पाहता ती म्हणाली, "सूनबाईले घड्याळाचं बोलली होती ना. मंग कोणत्या तोंडानं खोकू?"

कुसुम उठली आणि तिने आईला आपल्याजवळ ओसरीत बसवले. दोघी तिथे शेजारी बसून खोकल्या. आईला पहिल्यांदाच मोकळेपणाने खोकताना मी ऐकत होतो.

अंक अंगणात जाळावेत की नाही, यावर मी थोडा वेळ विचार केला हे नमूद करणे भाग आहे. कुसुम नुसती पाहत राहिली. मी जाळले. ओले असल्याने ते तीन दिवस जळत होते. भिंत खरवडून चुना लावला, खिडकीच्या चिंध्या काढल्या. शेजाऱ्यांनी न्हाणीची नाली दुसऱ्या बाजूने काढली आणि तोवर नऊ जणांनी नदीवर आंघोळ केली. ओसरीचे छप्पर नीट करून दोघींच्या खाटा तिथे आल्या. पंधरा दिवसांत कुसुम पुसदमध्ये श्वास घेऊ लागली.

कागदाचा एक तुकडा मी किसनरावांना नेऊन दाखवला होता. त्यांनी तो काडीने उलटवला.

"मोरचूद टाकलं होतं ना भाऊ?"

"नाही. विषारी म्हणून."

किसनरावांनी हातातली सुई खाली ठेवली. "म्हणजे दोन वर्षं तुम्ही ह्या बुरशीले जेवू घातलं."

आई त्यानंतर चार वर्षे जगली. तिची छाती कधीच मोकळी झाली नाही. डॉक्टर म्हणाले, वय झाले होते, उशीर झाला होता. उशीर कोणी केला हे त्यांनी विचारले नाही. शेवटपर्यंत ती पितळी पेल्यातला अर्धा चहा कुसुमला देई. कुसुमचा दमा उणावला, पण गेला नाही. आजही आषाढ लागला की ती घरातल्या सगळ्या भिंतींजवळ जाऊन वास घेते. मी मागून वही-पेन्सिल घेऊन फिरतो, कारण त्या दिवशी ओसरीत श्वास पुरेसा आल्यावर तिने मला पहिले वाक्य हेच ऐकवले होते.

"मी पहिल्याच आषाढात सांगतलं होतं. तुम्ही लिहून नाही घेतलं."

खुलासा मी त्याच आठवड्यात पाठवला. चांगला एक कॉलम होता. त्यात जिनिंगची माफी होती, भिंत होती, मैदा होता, मोरचूद होते, पत्नीने वेळीच दिलेली माहिती दुर्लक्षित झाल्याची कबुली होती. नागपूरच्या मुख्य उपसंपादकांनी तो कापून तीन ओळींचा केला. 'पुसद येथील जिनिंगसंबंधीचे वृत्त निराधार होते. त्यातील गृहिणीच्या आजाराचे कारण आमचे वार्ताहर हेच असल्याचे ते कळवितात.'

कुसुमने तेवढा तुकडा कापून पत्र्याच्या डब्यात ठेवला आहे, झाकण घट्ट लावून, तळाशी कडुनिंबाचा पाला घालून. दर उन्हाळ्यात ती तो उन्हात वाळवते. त्या वर्षांत मी लिहिलेल्यापैकी एवढाच मजकूर घरात शिल्लक आहे, आणि त्याने अजून कोणाला खोकला आलेला नाही.